चिलीत वर्षभर राहायला जाताना: कागदपत्रांपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत

मार्च 2023 ते मे 2024 असे चौदा महिने आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि तेव्हा सहा वर्षांची लेक, चिलीची राजधानी सांतियागोमध्ये राहिलो. माझं कंपनीचं काम होतं आणि करार मुदतीचा होता. परतीची तारीख जाण्याआधीच ठरलेली होती. आता ओळखीपाळखीतलं कुणी तिकडे निघालं की मला फोन येतो आणि मी तासभर तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदा सगळं क्रमवार लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमचे पहिले दोन महिने ‘वर्षभराचाच तर प्रश्न आहे’ या वाक्याने खाल्ले. पडदे घेतले नाहीत, कढई घेतली नाही, शेजाऱ्यांची नावं विचारली नाहीत. घर लॉजसारखं दिसायचं आणि लेक रोज विचारायची, ‘आपण घरी कधी जायचं?’ जून उजाडता उजाडता आम्ही उलटं वागायला लागलो. कागदपत्रं उद्या निघायचं असल्यासारखी एका फायलीत तयार ठेवली आणि संसार मात्र कायमचं राहायचं असल्यासारखा मांडला. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय.

निघण्याआधी: कागद

चिलीत परदेशी माणसांचा कायदा 2021 साली बदलला (क्रमांक 21.325) आणि 2022 पासून तो लागू झाला. सगळी प्रकरणं ‘सेर्व्हिसियो नासिओनाल दे मिग्रासिओनेस’ हे खातं बघतं. टुरिस्ट म्हणून जायचं आणि तिथे गेल्यावर राहण्याचा परवाना काढायचा, हा जुना मार्ग आता जवळपास बंद आहे. ‘रेसिदेन्सिया तेम्पोराल’, म्हणजे तात्पुरता निवास परवाना, भारतात असतानाच ऑनलाइन अर्ज करून मिळवायचा. यात महिने जातात, त्यामुळे तिकीट आधी काढू नका.

पदवी, विवाह नोंदणी आणि मुलांचा जन्मदाखला या तिन्हींना अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हवं. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 मध्ये आला आणि चिली 2016 मध्ये, त्यामुळे एकदा अपोस्टिल झालं की दूतावासाचे वेगळे शिक्के मारून घ्यावे लागत नाहीत. मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या आधी राज्य पातळीवरची एक पायरी असते आणि जास्त वेळ तिथेच जातो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातूनच घ्या. तो शेवटी काढा, कारण जुना झालेला दाखला चालत नाही. सगळ्याचं स्पॅनिश भाषांतर करून घ्या आणि मूळ कागद सोबत ठेवा.

आपल्या नावाचा घोळ तिथे हमखास होतो. चिलीत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. परिणामी दवाखान्यात माझ्या नवऱ्याच्या नावाने मला ‘सेन्योरा’ म्हणून हाक मारली जायची. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण पहिल्या अर्जात नाव जसं लिहिलं तसंच, त्याच क्रमाने, शेवटपर्यंत प्रत्येक कागदावर लिहा. बँकेत एक क्रम आणि ओळखपत्रावर दुसरा झाला की दुरुस्तीला दिवसच्या दिवस जातात.

तुमचा पीएफ भारतात चालूच राहणार असेल तर कंपनीच्या एचआरला कायदा क्रमांक 18.156 बद्दल आधीच विचारा. चिलीत पगाराचे 10 टक्के ‘आ-एफे-पे’ नावाच्या पेन्शन फंडात सक्तीने जातात. पण मायदेशी सामाजिक सुरक्षेचं छत्र असलेल्या परदेशी तंत्रज्ञांना या कायद्याखाली त्यातून सूट मागता येते. हा विषय करारावर सही करण्यापूर्वी काढायचा.

बॅगेत काय भरायचं

वीज आपल्यासारखीच 220 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असते, त्यामुळे मिक्सर न्या. सॉकेट मात्र वेगळं असतं. तीन गोल भोकं एका ओळीत असतात आणि आपली जाड तीन पिन त्यात जात नाही, म्हणून अडॅप्टर इथूनच घ्या. मोबाईलचे दोन पिनांचे चार्जर बहुधा थेट बसतात.

कुकर न्याच. पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, गोडा मसाला, हिंग, कांदा-लसूण मसाला हेही न्या. पण विमानतळावर ‘साग’ या शेतकी खात्याची तपासणी अतिशय कडक असते. चिली एका बाजूने वाळवंट, दुसऱ्या बाजूने अँडीज आणि तिसऱ्या बाजूने समुद्र असा बंदिस्त देश आहे. त्यांच्या फळबागांवरची कीड बाहेरून येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बघतात. ताजी फळं, बिया, मध, कढीपत्त्याच्या फांद्या यातलं काहीही नेऊ नका. जाहीरनाम्यावर ‘माझ्याकडे खाद्यपदार्थ आहेत’ याच रकान्यात खूण करा. जाहीर केलेली वस्तू नियमात बसली नाही तर फक्त काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड करतात. आमची कुटलेली, पॅकबंद मसाल्यांची सगळी पाकिटं उघडून बघून त्यांनी परत दिली. अख्खे धणे ठेवून घेतले, कारण त्यांच्या लेखी ते बियाणं.

थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा साओ पाउलोमार्गे जा. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्या.

पहिला महिना: सेदुला, रुट आणि पैसे

उतरल्यापासून तीस दिवसांच्या आत ‘रेहिस्त्रो सिव्हिल’मध्ये जाऊन ओळखपत्रासाठी, म्हणजे ‘सेदुला’साठी, अर्ज करायचा. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती पटकन मिळत नाही, त्यामुळे ज्या दिवशी उतराल त्याच दिवशी शोधायला लागा. सेदुलावर जो नंबर असतो त्याला सगळे ‘रुट’ म्हणतात, आणि या नंबराशिवाय चिलीत पान हलत नाही. औषधाच्या दुकानात, सुपरमार्केटच्या काउंटरवर, इमारतीच्या दारात, सगळीकडे पहिला प्रश्न ‘रुट?’ हाच. तो स्पॅनिशमध्ये धडाधड म्हणता येईल असा पाठ करा. शेवटचा अंक डॅशनंतर येतो आणि तो कधीकधी ‘के’ हे अक्षरही असतो.

सेदुला हातात यायला काही आठवडे लागतात आणि तोवर बँकेत खातं उघडत नाही. तेवढ्या दिवसांसाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर सोबत असू द्या. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी घसघशीत शुल्क कापतं, म्हणून थोडे थोडे न काढता एकदम काढा. सेदुला आली की सरकारी बँक ‘बांकोएस्तादो’चं ‘कुएन्ता रुट’ हे साधं खातं उघडा. तुमचा रुट हाच खात्याचा नंबर असतो. भाजीवालेसुद्धा त्यावर पैसे घेतात.

किमती वाचायची सवय करावी लागते. तिथे हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. 2.500 म्हणजे अडीच नाही, अडीच हजार पेसो. बोलताना हजाराला ‘लुका’ म्हणतात, शंभराला ‘गाम्बा’. पाच हजारांच्या नोटेवर गाब्रिएला मिस्त्राल आहेत, 1945 सालच्या नोबेल विजेत्या कवयित्री. कवयित्रीचं चित्र असलेली नोट रोज भाजीसाठी मोडायची, हे मला फार आवडायचं.

भारतातून नेलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक नोंदवून घ्या, नाहीतर स्थानिक सिमवर तो काही दिवसांनी बंद पडतो. मेट्रोसाठी ‘बिप’ कार्ड लागतं, आणि तेच शहराच्या बसलाही चालतं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. मेट्रो स्वच्छ आहे, वेळेवर आहे आणि गर्दीच्या वेळी तिकीट महाग होतं. फोन दाराजवळ हातात धरून उभं राहू नका. दार मिटायच्या क्षणी हिसकावून नेतात.

घर: उत्तरेकडचं घ्या

आपण पूर्वेचं दार बघतो, वारा बघतो. सांतियागोत आधी उत्तर बघायची. विषुववृत्ताच्या खाली सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूने फिरतो, त्यामुळे जाहिरातीत ‘ओरिएन्तासिओन नोर्ते’ लिहिलं असेल तर त्या घरात हिवाळ्यात ऊन येणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पाहिलेलं पहिलं घर दक्षिणमुखी होतं, मार्चमध्ये गारेगार आणि छान वाटलं. शेजारच्या दुकानदारीण बाईंनी ‘जूनमध्ये इथे भिंतींना बुरशी येते’ म्हटल्यावर आम्ही सुटलो. बहुतेक जुन्या इमारतींत सगळं घर गरम करायची सोय नसते. जून ते ऑगस्ट पहाटे पारा शून्याजवळ उतरतो आणि लोक रॉकेलच्या किंवा गॅसच्या शेगडीवर भागवतात. उत्तरेचं ऊन तिथे पैशात मोजता येतं.

आम्ही न्युन्योआ भागात राहिलो. झाडीचे रस्ते, चार-पाच मजली इमारती आणि मेट्रो चालत दहा मिनिटांवर. सबंध शहर साधारण पुण्याइतक्याच उंचीवर वसलंय. फरक एवढाच की सिंहगडाऐवजी इथे पूर्वेला बर्फाने भरलेली अँडीजची भिंत उभी आहे.

भाडेकराराच्या काही गोष्टी नीट समजून घ्या. करार बारा महिन्यांचा असतो, आपल्यासारखा अकरा महिन्यांचा नाही. सहीच्या आधी मुदतीपूर्वी सोडण्याचं कलम टाकून घ्या, कारण कंपनीचे बेत बदलतात. ‘गारान्तिया’ म्हणजे एका महिन्याचं डिपॉझिट. बरेच मालक जामीनदारही मागतात, तिथे कंपनीचं पत्र चालतं का ते विचारा. ‘गास्तोस कोमुनेस’ म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, तो भाड्यात धरलेला नसतो आणि हिवाळ्यात वाढतो. भाडं कधी पेसोत सांगतात, कधी ‘उ-एफे’मध्ये. ‘उ-एफे’ हे महागाईप्रमाणे रोज थोडं सरकणारं हिशेबाचं एकक आहे, 1967 पासून चालू आहे. तसं असेल तर तुमचं भाडं दर महिन्याला थोडं वाढत जाणार हे धरून चाला. करार नोटरीसमोर होतो. तिथे प्रत्येक गोष्ट नोटरीसमोर होते, त्यामुळे रांगेची सवय ठेवा.

घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचे, ओट्याच्या मागच्या टाइल्सचे, छताचे फोटो तारखेसह काढून मालकाला त्याच दिवशी मेल करा. आम्ही स्वयंपाकघराचे काढले नव्हते. निघताना मालकाने फोडणीच्या वाफेने छत पिवळं झालं म्हणत डिपॉझिटमधून निम्मे पैसे कापले. ते डाग आधीचे होते, पण आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. बहुतेक फ्लॅटमध्ये ओटा दिवाणखान्यातच असतो, तेव्हा धूर ओढणारा पंखा चालतो का हेही तपासा.

गरम पाणी ‘कालेफोन्त’ नावाच्या गॅस गिझरवर येतं. आत ज्योत पेटते का, बॅटरी आहे का, धुराचा पाइप बाहेर गेलाय का, हे पहिल्या दिवशी बघा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे पण जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो.

बाजार आणि स्वयंपाक

ज्या दिवशी घराजवळचा आठवडी बाजार सापडला, त्या दिवशी माझं चिलीत खरं राहणं सुरू झालं. त्याला ‘फेरिया लिब्रे’ म्हणतात. ठरलेल्या वारी सकाळी एखादा रस्ता बंद करून दोन्ही बाजूंना ताडपत्र्या उभ्या राहतात. आमची शनिवारी भरायची. बटाट्याचे ढीग, हाताएवढ्या मक्याच्या कणसांचे ढीग, भोपळ्याची फोड हवी तेवढी कापून देणारा एक माणूस हातात करवत घेऊन उभा. विकणारे गिऱ्हाइकाला ‘कासेरा’ म्हणून हाक मारतात आणि गिऱ्हाईकही त्यांना तेच म्हणतं. कासेरा म्हणजे नेहमीची, घरची. आपली भाजीवाली मावशी आणि ‘ताई, या इकडे’ यांच्या मधला तो शब्द आहे. चौथ्या शनिवारी कोथिंबीर विकणाऱ्या बाईंनी माझी पिशवी हातात घेतली, टोमॅटो तोलले आणि वर दोन हिरव्या मिरच्या टाकून म्हणाल्या, ‘ला यापा.’ यापा म्हणजे तोलून झाल्यावर प्रेमाने वर घातलेलं. हा केचुआ भाषेतून आलेला शब्द. मला मंडईतल्या मावशींचं ‘वर घेऊन जा गं कढीपत्ता’ आठवलं आणि तिथेच डोळे भरून आले.

म्हणून माझा आग्रह आहे की सुपरमार्केटमधून भाजी आणू नका. एकाच फेरियाला जा, एकाच माणसाकडून घ्या, नाव विचारा. मोठी खरेदी असेल तर ‘ला व्हेगा सेन्त्राल’ या घाऊक मंडईत जा, पण तिथे ओळख व्हायला वेळ लागतो.

आता जिनसांची नावं. पीठ घेताना पुडीवर ‘सिन पोल्व्होस’ लिहिलेलंच घ्या. ‘कोन पोल्व्होस’मध्ये बेकिंग पावडर असते आणि त्याच्या पोळ्या होत नाहीत. आमच्या पहिल्या पाच पोळ्या भटुऱ्यासारख्या फुगून चिवट झाल्या. ‘हारिना इन्तेग्राल’ म्हणजे कोंड्याचं पीठ, पण ‘ह’चा उच्चार करायचा नाही, ‘आरिना’ म्हणायचं. अर्धं इन्तेग्राल, अर्धं साधं घेतलं की पोळी जमते. रवा ‘सेमोला’ नावाने मिळतो, त्यामुळे शिरा-उपम्याची चिंता नको. मसूर म्हणजे ‘लेन्तेखास’, छोले ‘गार्बान्सोस’, सोललेले वाटाणे ‘आर्व्हेखास पार्तिदास’. तूरडाळ दुकानात सहज दिसत नाही. मी मसूर आणि पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची आमटी करायला लागले आणि गोड्या मसाल्यामुळे ती घरची लागायची. जिरे ‘कोमिनो’, हळद ‘कुर्कुमा’. दही बहुतेक गोड असतं, म्हणून ‘नातुराल सिन आसुकार’ बघून घ्या आणि त्याचंच विरजण लावा. तूप कढवायला ‘मान्तेकिया सिन साल’ घ्या.

शाकाहारी असाल तर इथे जपा. ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी, पण ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी, आणि चिलीच्या पावांत ती सर्रास असते. ‘आयुया’ हा गोल चपटा पाव बहुतेक चरबीचा असतो. ‘मार्राकेता’ हा चार भागांचा, तोडून खायचा कुरकुरीत पाव मात्र फक्त पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ यांचा, तो बिनदिक्कत खा. ‘कार्ने नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या डोक्यात गोमांस. कोंबडी, मासे, हॅम यांची नावं एकेक करून घ्या: ‘नी पोयो, नी पेस्कादो, नी खामोन.’

आणि एक आनंदाची गोष्ट. पाऊस पडला की चिलीत घरोघरी ‘सोपाइपिया’ तळतात, उकडलेला भोपळा पिठात मळून केलेल्या पुऱ्या. त्या ‘चांकाका’च्या पाकात सोडतात, आणि चांकाका म्हणजे चक्क उसाचा गूळ. चव लागली तेव्हा मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, ‘अरे, घारगे!’ चांकाकाची ढेप सुपरमार्केटमध्ये खोक्यात मिळते. ती घरात कायम असू द्या, सणाला लागेल.

संध्याकाळी तिथे ‘ओन्से’ असतं. चहा, मार्राकेता आणि वर ठेचलेली ‘पाल्ता’, म्हणजे अ‍ॅव्होकाडो. रात्री वेगळं जेवण बरेच जण करतच नाहीत. कुणी ओन्सेला बोलावलं तर जा, नाही म्हणू नका. माणसं तिथेच मोकळी होतात.

स्पॅनिश मराठीतून शिका

जाण्यापूर्वी चार-पाच महिने रोज अर्धा तास द्या. सांतियागोत दुकानात, दवाखान्यात, सरकारी कचेरीत इंग्रजीवर भागत नाही. आपल्याकडे शिकवणारे स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात आणि तिथे उगाच अवघड होतं. मराठी माणसाला ती भाषा जवळची आहे. त, द आपलेच, दातांचे. र आपलाच. ‘न्य’ म्हणजे आपला ञ. नामाला लिंग असतं हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे तू आणि तुम्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंग्रजीतून शिकणारे ज्या वाक्यापाशी अडतात ते ‘मे गुस्ता’ म्हणजे अगदी शब्दशः ‘मला आवडतं’. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे ‘माझं डोकं दुखतंय’. वाक्य मनात मराठीत जुळवा, इंग्रजीत नको.

चिलीचं बोलणं मात्र क्लासमधल्या ध्वनिफितीसारखं नसतं. शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावतात, ‘काचाय?’ म्हणजे ‘कळलं का?’, आणि ‘आल तिरो’ म्हणजे लगेच, आत्ता. पहिले दोन महिने काही कळणार नाही. तेव्हा फोनवरचं बोलणं टाळा, समोरासमोर जा. ‘मास देस्पासितो, पोर फाव्होर’, म्हणजे जरा हळू बोला, हे वाक्य मी दिवसात दहादा म्हणायची आणि एकदाही कुणी तोंड वाकडं केलं नाही.

भेटल्यावर गालाला गाल लावायची पद्धत आहे, एकदाच. मुलं शाळेतल्या बाईंना ‘तिआ’ म्हणतात, म्हणजे मावशी किंवा आत्या. आमच्या लेकीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्यासाठी सगळ्या बाया आधीपासूनच मावश्या होत्या.

शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं. मुलांचा रुट आलेला नसला तरी प्रवेश अडत नाही, शिक्षण खातं तात्पुरता शाळेचा नंबर देतं.

जमीन हलते तेव्हा

जगात मोजला गेलेला सगळ्यात मोठा भूकंप चिलीतला, 1960 चा, वाल्दिव्हियाचा, 9.5 तीव्रतेचा. 27 फेब्रुवारी 2010 च्या रात्री 8.8 चा झाला. इमारती या अनुभवातून शिकून बांधलेल्या आहेत, आणि लोक ‘तेम्ब्लोर’ म्हणजे हादरा आणि ‘तेर्रेमोतो’ म्हणजे भूकंप असा स्पष्ट भेद करतात.

आमचा पहिला हादरा रात्री साडेनऊला आला. आधी खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग कपाटातल्या बश्या किणकिणल्या, मग दिवा झुलायला लागला. मी लेकीला उचललं आणि जिन्याकडे धावले. समोरच्या दारात शेजारच्या आजी स्वेटर घालून शांत उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, ‘जिना नाही. इथे उभी राहा. आता जाईल.’ वीस-पंचवीस सेकंदांत तो गेला. आजींनी आम्हाला आत नेऊन चहा दिला. सांतियागोत आमची पहिली ओळख ही अशी झाली.

त्यांनी त्या रात्री शिकवलं ते असं: हलताना जिना आणि लिफ्ट दोन्ही नाही. खिडकी आणि कपाटापासून लांब राहायचं. थांबल्यावर गॅस बंद करायचा. पलंगाखाली चपला आणि टॉर्च ठेवायचे, कारण काचा फुटतात आणि वीज जाते. भिंतीवर पलंगाच्या वर काही टांगायचं नाही. समुद्रकिनारी असाल आणि उभं राहता येत नाही इतकं हललं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं, त्सुनामीच्या बाणाच्या पाट्या सगळीकडे असतात. 131 रुग्णवाहिका, 132 अग्निशमन, 133 पोलीस. आगीचे बंब चालवणारे तिथे पगारी नसतात, सगळे स्वयंसेवक. रस्त्यात ते डबा घेऊन उभे दिसले तर त्यात पैसे टाका.

सण आणि आकाश

18 आणि 19 सप्टेंबर हा त्यांच्या राष्ट्रीय सणाचा काळ, ‘दिएसिओचो’. सगळा देश सुट्टीवर, मैदानांवर मांडव, क्वेका नाच आणि आकाशभर पतंग. काच लावलेल्या मांजाला तिथेही कायद्याने बंदी आहे. 2023 मध्ये गणेश चतुर्थी नेमकी 19 सप्टेंबरला आली. घरोघरी सुट्टी होती, खाली अंगणात वाजंत्री वाजत होती, आणि आमच्याकडे गणपती बसला.

मूर्ती आम्हीच केली. सांतियागोपासून गाडीने तासाभरावर पोमाइरे हे कुंभारांचं गाव आहे. तिथून लाल माती, ‘ग्रेदा’, आणली. मोदकासाठी ‘आरिना दे आर्रोस’, सुकं खोबरं आणि चांकाका. तांदळाच्या पिठाची उकड जरा चिकट होते, पाणी कमी घ्या. समोरच्या आजी आरतीला आल्या, टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या आणि मोदक खाऊन म्हणाल्या, ‘हा तर आमच्याच घरचा गोड वास.’ विसर्जन बादलीत केलं आणि ती माती गच्चीतल्या कुंडीत घातली.

ऋतू उलटे असतात हे सगळे सांगतात, पण आकाश उलटं असतं हे कुणी सांगत नाही. मृग नक्षत्र उत्तरेला डोक्यावर उभं असल्यासारखं दिसतं आणि व्याध त्याच्या वर. ध्रुव दिसतच नाही. आपल्याकडे दक्षिणेला खाली टेकलेला दिसणारा अगस्त्य तिथल्या उन्हाळ्यात जवळजवळ माथ्याशी येतो. शुक्ल पक्षातली कोर दुसऱ्या बाजूने उजळते. लेकीला घेऊन गच्चीत बसा आणि हे दाखवा, मुलं विसरत नाहीत.

घरी फोन करायची वेळ ठरवा. भारत तिथल्या हिवाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेआठ, कारण ते वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. आमचा सकाळचा चहा आणि आईची संध्याकाळची दिवेलागण बरोबर जुळायची.

बोलण्यातलं एक भान

11 सप्टेंबर 1973 ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेन्दे यांचं सरकार उलथवलं आणि 1990 पर्यंत लष्करशहा पिनोचेत यांची राजवट होती. एकाच जेवणाच्या टेबलावर त्यातले पीडित आणि समर्थक दोघंही असू शकतात. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोचं तिकीट 30 पेसोंनी वाढलं आणि सगळा देश रस्त्यावर उतरला, त्याबद्दलही घराघरात दोन मतं आहेत. वर्षभरासाठी आलेल्या माणसाने मत देऊ नये, ऐकावं. ‘मुसेओ दे ला मेमोरिया’ या संग्रहालयात एक पूर्ण दुपार द्या, म्हणजे शेजारी कशाबद्दल गप्प बसतात ते समजतं.

फिरायला जाताना

आताकामाचं वाळवंट, व्हाल्पाराइसो बंदर, दक्षिणेकडची सरोवरं, सगळं बघा. पण ब्राझील, पेरू किंवा बोलिव्हियाला जायचा बेत असेल तर पीतज्वराची लस आधी घ्या. त्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि मग जन्मभर चालतो. भारतातून निघण्यापूर्वी सरकारमान्य केंद्रावर घेतलेली बरी.

परत निघताना

तीन महिने आधी सुरुवात करा. घरमालकाला लेखी सूचना, इंटरनेट आणि फोन बंद करण्याचा अर्ज, शाळेचा दाखला आणि त्याला अपोस्टिल, कर विवरण. नोकरी सोडताना ‘फिनिकितो’ या हिशेबपूर्तीच्या कागदावर अधिकृत साक्षीने सही होते. तो वाचल्याशिवाय सही करू नका. घरातलं सामान ट्रकमधून हलवायचं तर ‘साल्व्होकोन्दुक्तो’ नावाचा परवाना लागतो, नाहीतर पोलीस वाटेत अडवू शकतात. खातं सगळ्यात शेवटी बंद करा, डिपॉझिट त्यातच यायचं असतं. रुट नंबर लिहून ठेवा. तो बदलत नाही, पुन्हा गेलात तर तोच लागेल.

सामान वाटायला शेवटचा आठवडा राखून ठेवा. पडदे खालच्या वॉचमनकाकांनी नेले. कढई लेकीच्या तिआने घेतली. कुकर समोरच्या आजींना दिला. पहिल्या शिट्टीला त्याच दचकून आमच्या दारात आल्या होत्या. आता दर काही दिवसांनी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज येतो, ‘मिखिता, पोरोतोसला किती शिट्ट्या?’ म्हणजे ‘पोरी, राजम्याला किती शिट्ट्या?’ मी सांगते, रात्रभर भिजवलेले असतील तर चार, आणि मग बारीक आचेवर दहा मिनिटं.